पाचव्या महिन्याची सोनोग्राफी: आठवडे मोजा, फाइल सांभाळा

मावळातल्या इंदुरीत एखाद्या घरी सुनेला दिवस गेल्याचं कळलं की सगळे महिने मोजू लागतात. तिसरा सरला, चौथा लागला, सातव्यात माहेरी धाडायची. दवाखान्यात मात्र आठवडे मोजतात, आणि तेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. कुणी पाळी चुकल्यापासून धरतं, कुणी तपासणीत 'आहे' म्हणून कळल्यापासून. या हिशेबांत सहज तीन-चार आठवड्यांची तफावत पडते. गरोदरपणातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या सोनोग्राफीसाठी मात्र हातात असतात जेमतेम दोन आठवडे: 18 ते 20. तिला ॲनोमली स्कॅन म्हणतात. काही केंद्रांच्या दरपत्रकावर 'टिफा' असंही लिहिलेलं दिसेल. डोक्यापासून पायापर्यंत बाळाचा एकेक अवयव नीट घडला आहे का, हे त्यात बघतात.

उदाहरणानं सांगतो. शेवटची पाळी 1 जानेवारीला आली असेल, तर 11 आठवडे 19 मार्चला भरतात. पहिली मोठी सोनोग्राफी, म्हणजे मानेमागची जाडी मोजणारी एनटी, 19 मार्च ते 8 एप्रिल या काळातच होऊ शकते. 18 आठवडे 7 मे रोजी भरतील आणि 20 आठवडे 21 मे रोजी. ॲनोमली स्कॅन या पंधरवड्यात. 24 आठवडे 18 जूनला, आणि बाळंतपणाची अंदाजी तारीख 8 ऑक्टोबर. (लीप वर्ष असेल तर एक दिवस मागे धरा.) तुमची तारीख घेऊन असाच हिशेब कॅलेंडरवर मांडा आणि मे महिन्यातल्या त्या पंधरवड्यासारखा तुमचा पंधरवडा कोणता ते पेनानं रंगवून ठेवा. पाळी अनियमित असेल किंवा तारीख आठवत नसेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात केलेल्या पहिल्या सोनोग्राफीतलं वय खरं मानतात. म्हणून ती पहिली सोनोग्राफीसुद्धा टाळण्यासारखी नाही.

हाच पंधरवडा का? चौदा-पंधरा आठवड्यांना बाळ फार लहान असतं, हृदयाचे कप्पे आणि त्यातून निघणाऱ्या नळ्या नीट दिसत नाहीत. सातव्या-आठव्या महिन्यात हाडं पक्की होतात, त्यांची सावली पडते, बाळाला हलायला जागा उरत नाही आणि बोटं, चेहरा, कणा यांतलं बरंच काही झाकलं जातं. विसाव्या आठवड्याच्या सुमाराला बाळ तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचं असतं, भोवती पाणी भरपूर असतं आणि ते सगळ्या बाजूंनी वळतं. बघणाऱ्याच्या दृष्टीनं याहून सोयीची वेळ नाही.

दुसरं कारण वेळेच्या हिशेबाचं आहे, आणि माझ्या मते तेच मोठं. तपासणीत काही शंका आली तर काम तिथं संपत नाही, तिथून सुरू होतं. गर्भाच्या आजारांचे तज्ज्ञ डॉक्टर पुन्हा सोनोग्राफी करतात. हृदयाबद्दल शंका असेल तर फीटल इको, म्हणजे बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, करावी लागते. गुणसूत्रांबद्दल शंका असेल तर पोटातून सुईनं गर्भजल काढून तपासायला पाठवतात. त्या तपासणीचा पहिला झटपट अहवाल काही दिवसांत येतो, संपूर्ण अहवालाला दोन-तीन आठवडे लागतात. मग घरच्यांनी समजून घ्यायचं, दुसरं मत घ्यायचं, ठरवायचं. एकोणिसाव्या आठवड्यात सुरुवात केली तर हे सगळं शांतपणे बसतं. तेविसाव्या आठवड्यात केली तर एकेक दिवस अंगावर येतो.

याची किंमत काय असू शकते, हे महाराष्ट्रानं 2008 मध्ये पाहिलं आहे. मुंबईच्या निकेता मेहता यांच्या बाळाच्या हृदयात गंभीर दोष आहे, हे कळेपर्यंत गर्भ चोवीस आठवड्यांच्या घरात पोचला होता. त्या वेळच्या कायद्याची मर्यादा होती वीस आठवडे. हरेश आणि निकेता मेहता आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार मुंबई उच्च न्यायालयात गेले. 4 ऑगस्ट 2008 रोजी न्यायालयानं गर्भपाताची परवानगी नाकारली, आणि त्यानंतर काही दिवसांतच त्यांचा गर्भ आपोआप पडला. डॉ. दातारांनी पुढेही लढा चालू ठेवला. गर्भपाताचा कायदा अखेर 2021 मध्ये बदलला. आता वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस या काळात कायद्यानं ठरवलेल्या काही स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मतानं परवानगी आहे आणि गर्भात गंभीर व्यंग असलेल्या स्त्रिया त्यांत येतात. चोवीसच्या पुढे व्यंग मोठं असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. मंडळानं अर्ज आल्यापासून तीन दिवसांत निर्णय द्यावा असा नियम आहे. या सगळ्यात संमती लागते ती त्या स्त्रीची. ती सज्ञान असेल तर नवऱ्याची किंवा सासूची सही कायदा मागत नाही.

कायदा सैल झाला म्हणून सोनोग्राफी उशिरा केली तरी चालेल, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. मंडळापुढे जावं लागणं ही सोय नव्हे, शेवटचा उपाय आहे. आणि बहुतेक घरांचा प्रश्न गर्भपाताचा नसतोच. बाळंतपण कुठं करायचं, जन्मल्यावर लगेच कोणत्या डॉक्टरची गरज लागेल, एवढं आधी माहीत असलं तरी बाळाचा जीव वाचू शकतो. हृदयाचे काही दोष असे असतात की बाळ जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतच शस्त्रक्रिया लागते. असं बाळ मावळातल्या छोट्या प्रसूतिगृहात जन्मायचं की बालहृदयतज्ज्ञ असलेल्या पुण्याच्या रुग्णालयात, हे ठरवायला पाचवा महिना ते नववा महिना एवढा वेळ मिळतो.

कुठं करायची

इंदुरीला तळेगाव जवळ, ही मोठी सोय. मावळच्या पवनेकाठच्या किंवा आंदर मावळातल्या वाड्यांना जे अर्ध्या दिवसाचं काम आहे ते इथं तासा-दोन तासांचं. अडचण एकच, तळेगाव-चाकण रस्ता. कंपन्यांच्या शिफ्ट सुटायच्या वेळी तिथं कंटेनरच्या रांगा लागतात. वेळ सकाळची मागा, दुपारी शिफ्ट बदलते तेव्हाची नको. खड्ड्यांच्या रस्त्यानं गर्भ पडतो, ही भीती मात्र मनातून काढा. नीट चाललेल्या गरोदरपणात गाडीतल्या धक्क्यांनी बाळाला काही होत नाही. मोटारसायकलवर मागे बसवून नेणं टाळा, कारण त्यात पडण्याची भीती खरी आहे.

आधी नाव नोंदवा. पहिल्या बारा आठवड्यांत आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात नोंद झाली की माता आणि बाल संरक्षण कार्ड मिळतं, लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळतात आणि पुढच्या योजनांची वाट मोकळी होते. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी आरोग्य केंद्रांवर चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात सोनोग्राफीसह तपासण्या मोफत आहेत आणि 102 क्रमांकाची गाडीही. कान्हे फाट्यावरचं सरकारी रुग्णालय, तळेगावच्या माईर्स वैद्यकीय महाविद्यालयाचं भाऊसाहेब सरदेसाई रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम, औंधचं जिल्हा रुग्णालय आणि शेवटी ससून अशी इथल्या रुग्णालयांची साखळी आहे. खासगी केंद्रांचे दर एकसारखे नाहीत, तेव्हा फोनवर विचारून जा.

जाण्याआधी दोन गोष्टी विचारा. एक, ॲनोमली स्कॅनची वेळ कधीची मिळेल. सरकारी रुग्णालयात गर्दी असते आणि खासगीतही नावाजलेल्या केंद्रात पंधरा दिवस थांबावं लागू शकतं, म्हणून चौदाव्या-पंधराव्या आठवड्यातच नाव लावून ठेवा. दोन, ही तपासणी करणारे डॉक्टर गर्भाच्या सोनोग्राफीचं काम नेहमी करतात का. हा प्रश्न विचारायला लाजू नका. यंत्र महागडं असण्यापेक्षा बघणाऱ्याचा सराव जास्त उपयोगी पडतो. नेहमीची 'बाळाचे ठोके आणि वाढ' बघणारी पाच मिनिटांची सोनोग्राफी म्हणजे ॲनोमली स्कॅन नव्हे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'ॲनोमली स्कॅन' असं स्पष्ट लिहिलेलं असू द्या.

सोबत न्यायचं ते असं: डॉक्टरांची चिठ्ठी, आधारकार्ड, संरक्षण कार्ड, आधीच्या सगळ्या सोनोग्राफीचे अहवाल, डबल मार्कर किंवा क्वाड्रुपल मार्कर ही रक्ततपासणी केली असेल तर तो कागद, आणि मधुमेह, थायरॉइड, आकडी यांची औषधं चालू असतील तर त्यांची चिठ्ठी. आधीच्या बाळाला काही व्यंग होतं, नात्यात लग्न झालेलं आहे, घराण्यात कुणाला जन्मतः हृदयाचा आजार आहे, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना आपण होऊन सांगा. आत्याच्या किंवा मामाच्या घरात लग्न ही आपल्याकडे अजून नवलाची गोष्ट नाही, पण दवाखान्यात विचारलं की घरचे गप्प बसतात. ती माहिती लाजेची नाही, उपयोगाची आहे.

तपासणीच्या दिवशी

उपाशी जायचं नाही. नाश्ता करून जा, सैल कपडे घाला. पोट फुगेपर्यंत पाणी पिऊन लघवी तुंबवून बसायची गरज या महिन्यात सहसा नसते. केंद्रानं सांगितलं तरच. अर्धा-पाऊण तास लागतो. पोटावर गार जेल लावतात, आणि प्रतिमा घेणारा प्रोब त्यावर फिरवतात. यात एक्स-रेसारखी किरणं नाहीत, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आहेत. जगभर कित्येक दशकं ही तपासणी होते आहे आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे केली तर बाळाला अपाय झाल्याचं दिसलेलं नाही. तरी हौसेसाठी वारंवार करणं, रंगीत चेहऱ्याचा फोटो हवा म्हणून करणं, यात काही अर्थ नाही. थ्रीडी-फोरडीचा फोटो दिसायला गोड असतो. दोष शोधण्याचं मुख्य काम अजून साध्या काळ्या-पांढऱ्या प्रतिमेतच होतं.

बाळ कधीकधी पाठ करून झोपतं. मग डॉक्टर म्हणतात, 'जरा चालून या, काहीतरी खाऊन या.' कधी आठवड्यानं परत बोलावतात. आईचं वजन जास्त असेल तर प्रतिमा धूसर येते, तेव्हाही असं होतं. यानं घाबरू नका आणि चिडूही नका. घाईनं 'सगळं ठीक' लिहून देणाऱ्यापेक्षा 'मला हृदय नीट दिसलं नाही, परत या' म्हणणारा डॉक्टर चांगला. मध्येच डॉक्टर गप्प होतात, एकाच जागी बराच वेळ बघत राहतात. तेव्हा बहुतेक वेळा ते मोजमाप घेत असतात.

बघतात काय? डोक्याचा घेर, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या (त्या 10 मिलिमीटरच्या आत हव्यात), मागचा छोटा मेंदू. ओठ दुभंगलेला नाही ना, नाकाचं हाड दिसतं का. पाठीचा कणा वरपासून खालपर्यंत, कारण मणक्यांवरची कातडी उघडी राहिली असेल तर ते इथं दिसतं. छाती आणि पोट यांमधला पडदा, पोटात पाण्यानं भरलेलं जठर, दोन मूत्रपिंडं, मूत्राशय, नाळ पोटाला जिथं जोडते ती जागा. हात, पाय, पावलांची ठेवण. नाळेत तीन रक्तवाहिन्या आहेत ना. वार कुठं आहे. पाणी किती आहे. गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी किती.

सगळ्यांत जास्त वेळ हृदयाला जातो आणि जायलाच हवा. या वयात ते छोट्या बोराएवढं असतं आणि मिनिटाला 110 ते 160 वेळा धडकतं. त्याचे चार कप्पे दिसणं ही पहिली पायरी. पण चारही कप्पे ठीक असून त्यांतून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींच्या जागी असू शकतात. त्या वेगळ्यानं बघाव्या लागतात. सोनोग्राफीत सुटून जाणाऱ्या दोषांत हृदयाचे दोष पुष्कळ असतात, ते यामुळेच. आईला गरोदरपणाआधीपासून मधुमेह असेल, आधीच्या बाळाला हृदयाचा दोष असेल, तर 22 ते 24 आठवड्यांत वेगळी फीटल इको करून घ्यायची, ॲनोमली स्कॅन 'नॉर्मल' आला तरीही.

अहवाल हातात आल्यावर

आपल्याकडे अहवाल हातात पडला की रिक्षात बसायच्या आत नवरा मोबाइलवर एकेक शब्द शोधायला लागतो. संध्याकाळपर्यंत घरात रडारड. म्हणून काही नेहमीचे शब्द आधीच सांगतो.

'हृदयात चमकणारा ठिपका', 'मेंदूत कोरॉइड प्लेक्ससची गाठ', 'मूत्रपिंडात थोडं पाणी', 'नाळेत दोनच रक्तवाहिन्या' हे बहुतेक वेळा आजार नसतात. डॉक्टर त्यांना सॉफ्ट मार्कर म्हणतात, म्हणजे जास्त बारकाईनं बघा असा इशारा. हृदयातला ठिपका एकटाच असेल आणि आधीच्या रक्ततपासण्या ठीक असतील तर त्यानं हृदयाला काही होत नाही. मेंदूतल्या त्या गाठी पुढच्या काही आठवड्यांत बहुधा विरून जातात. मूत्रपिंडातलं पाणी पुन्हा तपासून लक्ष ठेवावं लागतं, बाळ जन्मल्यावरही. मात्र असे दोन-तीन इशारे एकत्र आले, किंवा मानेमागची कातडी जाड असली, नाकाचं हाड दिसलं नाही, तर गर्भतज्ज्ञांकडे जायचं, तेही त्याच आठवड्यात.

'वार खाली आहे' हे वाक्य ऐकून मावळात कित्येक सुनांना महिनोन्महिने अंथरुणावर झोपवून ठेवलेलं असेल. पाचव्या महिन्यात वार खाली दिसणं सर्रास आहे. गर्भपिशवी वाढते तशी बहुतेकींची वार वर सरकते. बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमाराला पुन्हा बघायचं. मधे रक्त गेलं तर मात्र घरी वाट बघायची नाही, रात्र असली तरी दवाखान्यात. आणि आधीचं बाळंतपण सिझेरियननं झालं असेल आणि वार त्याच जुन्या टाक्यावर दिसत असेल, तर ती गोष्ट हलक्यावारी घेऊ नका. पुढचं बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच ठरवा.

गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी 25 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर वेळेआधी बाळंत होण्याचा धोका असतो. त्यावर औषध आहे, काहींना पिशवीच्या तोंडाला टाका घालतात. हे वेळेत कळणं हाही या तपासणीचा मोठा फायदा. बाळाच्या व्यंगांच्या चर्चेत तो मागे पडतो.

आणखी एक गोंधळ नेहमीचा. यंत्र प्रत्येक वेळी मापांवरून बाळाचं वय आणि बाळंतपणाची नवी तारीख छापतं. पहिल्या अहवालात 8 ऑक्टोबर, दुसऱ्यात 14, तिसऱ्यात 3. घरचे विचारतात, खरी कोणती? पहिल्या तिमाहीतली. विसाव्या आठवड्यातल्या मापांत आठ-दहा दिवसांचा फरक स्वाभाविक आहे. सगळी बाळं सारखी उंचपुरी नसतात. 'बाळ सहा दिवस मागे आहे' म्हणून प्रोटीन पावडरचे डबे आणू नका.

दोन्ही बाजूंनी मर्यादा समजून घ्या. अहवाल चांगला आला याचा अर्थ बाळात कोणताही दोष नाही असा होत नाही. ऐकू येणं, दिसणं, बुद्धी, स्वमग्नता हे सोनोग्राफीत दिसत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांपैकी बऱ्याच बाळांत या वयात काहीही वेगळं दिसत नाही. त्यासाठी रक्ताच्या चाचण्या वेगळ्या आहेत. आणि दोष दिसला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. शंभर बाळांमागे दोन-तीन बाळांत मोठं व्यंग असतं, आणि त्यांतल्या पुष्कळांवर उपचार आहेत. दुभंगलेला ओठ शिवला जातो. वाकडं पाऊल आठवड्याआठवड्याला प्लास्टर बदलून सरळ करतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, जो 2013 मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला, त्याखाली अशा मुलांच्या शस्त्रक्रिया मोफत होतात. अंगणवाडीच्या ताईंना विचारा. कुणी दोष सांगितला की सासरी 'हिच्याच घराण्यात असेल' किंवा 'ग्रहणात बाहेर गेली होती' सुरू होतं. ग्रहणाचा आणि फाटलेल्या ओठाचा काडीचाही संबंध नाही. बहुतेक व्यंगांचं नेमकं कारण सापडत नाही, आणि सापडलं तरी आईला दोष देऊन बाळाचं काही भलं होत नाही. पाठीच्या कण्याच्या दोषांचा धोका मात्र फॉलिक ॲसिडनं कमी होतो. गोळी गर्भ राहण्याच्या एक-दोन महिने आधीपासून घ्यायची असते, म्हणून हे वाक्य खरं तर नवं लग्न झालेल्यांसाठी आहे.

जे विचारायचं नाही

मुलगा की मुलगी, हे विचारायचं नाही. महाराष्ट्रानं 1988 मध्ये, देशात सगळ्यांत आधी, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. देशाचा कायदा 1994 चा, लागू झाला 1996 मध्ये, आणि 2003 मध्ये तो कडक झाला. शब्दानं, खुणेनं, पेढे-जिलेबीच्या सांकेतिक भाषेत, कशानंही लिंग सांगणं गुन्हा आहे. विचारणाराही सुटत नाही: पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. बाईवर घरच्यांनी जबरदस्ती केली असं कायदा गृहीत धरतो, तेव्हा तिला पुढे करून नवरा आणि सासरे मोकळे होतील असं समजू नये.

केंद्रावर गेल्यावर एफ फॉर्म भरावा लागतो. त्यात 'आधीची मुलं किती, मुलगे किती, मुली किती' असा प्रश्न असतो आणि 'मला लिंग जाणून घ्यायचं नाही' यावर सही करावी लागते. काही जण यावर वैतागतात. डॉक्टरांनी मनानं काढलेला हा प्रश्न नव्हे. फॉर्म अर्धवट राहिला तर केंद्राला कुलूप लागू शकतं. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, तेही यासाठीच. नवऱ्याला आत सोडायचं की नाही याचे नियम प्रत्येक केंद्राचे वेगळे. सोडत असतील तर जरूर जावं, नसतील तर बाहेर थांबावं, पण घरी बसू नये. अहवाल समजून घेताना दोघं हवेत. एकटीनं ऐकलेली गोष्ट घरी येईपर्यंत दहा तोंडांत दहा प्रकारे होते.

न्यू जर्सीतल्या चुलतबहिणीनं फुगा फोडून गुलाबी-निळा रंग उडवला, त्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर येतो आणि इथं कुणाला वाटतं, मग आपल्याकडे का नको? कारण 2011 च्या जनगणनेत पुणे जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षांच्या हजार मुलग्यांमागे 883 मुली होत्या. राज्याचा आकडा 894. पुण्यासारखा शिकलेला, पैसेवाला जिल्हा राज्याच्याही मागे. इंदुरीच्या नदीकाठची गढी सेनापती खंडेराव दाभाड्यांची. त्यांचा मुलगा त्र्यंबकराव 1731 मध्ये डभईच्या लढाईत पडल्यावर सेनापतिपदाचा कारभार हाकला तो खंडेरावांच्या पत्नी उमाबाईंनी. ज्या गावाला हा इतिहास आहे तिथं मुलगी नको म्हणणं मला तरी पटत नाही. कुठं लिंगनिदान चालल्याचं कळलं तर 1800 233 4475 या मोफत क्रमांकावर कळवा. तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात.

माहेरी जाताना

तळेगावच्या औद्योगिक पट्ट्यात काम करणारी बरीच कुटुंबं मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली आहेत. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की सून बीडला, लातूरला, यवतमाळला माहेरी जाते, आणि इकडची फाइल कपाटात राहते. तिकडचा डॉक्टर आठव्या महिन्यात नव्यानं सोनोग्राफी करतो. तेव्हा बाळाचं वय नीट कळत नाही, अवयव नीट दिसत नाहीत, आणि पाचव्या महिन्यात लिहिलेलं 'वार खाली, पुन्हा तपासा' कुणालाच माहीत नसतं. सगळे अहवाल मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि मूळ फाइल साडी-चोळीच्या आधी पिशवीत घाला.

ज्यांचा पंधरवडा आधीच उलटून गेला आहे त्यांनी 'आता काय उपयोग' म्हणून सोडून देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेनं चोवीस आठवड्यांच्या आत निदान एक सोनोग्राफी व्हावी असं सांगितलं आहे. बाविसाव्या-तेविसाव्या आठवड्यातही बरंच दिसतं. फक्त उद्या सकाळीच डॉक्टरांची चिठ्ठी घ्या आणि वेळ मागताना आठवडा कितवा आहे ते आधी सांगा.